जेफरसनचे सर

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी आठवणीतल्या शिक्षकांवर लिहायला सांगितले, तेव्हा माझ्या आधीच बहुतेकांनी आपापल्या बाईंची आणि सरांची नावे नोंदवून टाकली होती. मला नेहमीप्रमाणे उशीर झाला. म्हणून मी अशा एका शिक्षकांवर लिहिते आहे, ज्यांच्या वर्गात आपल्यापैकी कोणीच बसलेले नाही. त्यांना जाऊन दोनशेहून अधिक वर्षे झाली.

कामानिमित्त काही महिने मी व्हर्जिनियात होते. एका रविवारी विल्यम्सबर्ग या जुन्या राजधानीच्या गावी गेले. तिथे लाल विटांचे एक दुमजली घर जपून ठेवले आहे. यॉर्कटाउनच्या लढाईपूर्वी जॉर्ज वॉशिंग्टनचा तळ या घरात होता, म्हणून बरेच जण ते बघायला येतात. पण घर होते जॉर्ज विथ यांचे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे, त्या देशातले कायद्याचे पहिले प्राध्यापक ते, आणि थॉमस जेफरसन यांचे गुरू. आपण शाळेत जेफरसनचे नाव वाचले होते. विथ यांचे नाव मी तिथेच पहिल्यांदा ऐकले, आणि त्यांचा शेवट कसा झाला हे कळल्यावर त्यांच्याविषयी वाचत गेले.

विथ यांचा जन्म १७२६ चा. व्हर्जिनिया तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. आज जिथे हॅम्प्टन शहर आहे, त्या भागात चेस्टरव्हिल नावाचा त्यांच्या घराण्याचा मळा होता. जॉर्ज तीन वर्षांचे असताना वडील वारले. तिथल्या कायद्याप्रमाणे जमीन थोरल्या भावाकडे गेली. धाकट्या जॉर्जच्या वाट्याला आले ते आईने शिकवलेले. आई शिकलेली होती. लॅटिनची सुरुवात तिनेच करून दिली. पुढे विथ अख्ख्या व्हर्जिनियात ग्रीक आणि लॅटिनचे सर्वांत मोठे जाणकार म्हणून ओळखले जाऊ लागले, पण पदवी अशी त्यांनी कोणतीच घेतली नव्हती. नात्यातल्या एका वकिलाकडे ते उमेदवारीला राहिले. त्या काळी उमेदवारी म्हणजे मुख्यतः कागदपत्रांच्या नकला करणे. त्यातून शिकण्यासारखे फार काही मिळत नसे, आणि ही गोष्ट ते विसरले नाहीत असे पुढच्या त्यांच्या वागण्यावरून दिसते. १७४६ मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांना वकिलीची सनद मिळाली.

पहिले लग्न १७४७ च्या अखेरीस झाले आणि वर्षाच्या आत पत्नी ॲन गेली. विथ विल्यम्सबर्गला आले, विधिमंडळाच्या समित्यांचे लेखनिक झाले, मग सभासद झाले. १७५५ मध्ये थोरला भाऊ निपुत्रिक वारला आणि मळा त्यांच्याकडे आला. त्याच सुमारास एलिझाबेथ टॉलिव्हर यांच्याशी दुसरे लग्न झाले. मी पाहिलेले घर एलिझाबेथच्या वडिलांनी बांधले. त्यांना एकच मूल झाले आणि तेही तान्हेपणीच गेले. त्या घराच्या वरच्या खोल्या मग विद्यार्थ्यांनी भरल्या.

वकील म्हणून त्यांची ख्याती अशी, की अशील खोटे बोलतो आहे असे कळले तर ते फी परत करून प्रकरण सोडून देत. असे वकील श्रीमंत होत नाहीत, पण न्यायाधीशांचा त्यांच्यावर विश्वास बसतो. १७६४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने वसाहतींवर मुद्रांक कर बसवण्याचे घाटले. त्याविरुद्ध संसदेला पाठवायच्या निवेदनाचा मसुदा विथ यांनी लिहिला. तो इतका कडक होता, की सहकाऱ्यांनी तो सौम्य करून मगच पाठवला.

१७६२ मध्ये विल्यम स्मॉल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी आपला एक लाडका विद्यार्थी विथ यांच्याकडे आणून सोडला. एकोणीस वर्षांचा, उंच, लाजाळू मुलगा. तो जेफरसन. इतर वकील उमेदवारांना एक-दोन वर्षे नकला करायला लावून सनदेला पाठवत. जेफरसन विथ यांच्याकडे पाच वर्षे होते. विथ त्यांना वाचायला लावत. कोक या इंग्रज न्यायाधीशाचे जाडजूड ग्रंथ, त्याच्या जोडीला इतिहास, ग्रीक, लॅटिन, तत्त्वज्ञान. गव्हर्नर फॉकिए, प्रा. स्मॉल, विथ आणि हा विद्यार्थी असे चौघे गव्हर्नरच्या वाड्यावर जेवायला जमत. राज्याचा प्रमुख, दोन विद्वान आणि कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा, एकाच टेबलावर. तिथे जे कानावर पडले तेवढे आपण इतर कुठे शिकलो नाही, असे जेफरसन म्हातारपणीही सांगत.

१७७५ मध्ये विथ फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये व्हर्जिनियाचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढच्या वर्षी जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा ते व्हर्जिनियात होते; सही त्यांनी नंतर केली. पण त्यांच्या राज्याच्या इतर प्रतिनिधींनी आपल्या सह्या खाली करून वरची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली. मूळ कागदावर व्हर्जिनियाच्या सह्यांमध्ये पहिली सही आजही त्यांची आहे, आणि खालच्या सह्यांमध्ये शिष्याचीही. नवीन राज्याची मुद्रा ठरवणाऱ्या समितीतही ते होते. जुलमी राजाला पायाखाली घेऊन उभी असलेली स्त्री ही त्या समितीची मुद्रा व्हर्जिनिया अजून वापरते.

राज्य स्वतंत्र झाले, आता कायद्यांचे काय करायचे? इंग्लंडच्या राजाच्या नावाने चाललेले शेकडो कायदे होते. ते सगळे तपासून, गाळून, नव्याने लिहिण्याचे काम एका समितीकडे आले. सुरुवातीला पाच जण होते. प्रत्यक्ष काम जेफरसन, एडमंड पेंडल्टन आणि विथ या तिघांनी केले. अलीकडच्या काळातले इंग्लंडच्या संसदेचे कायदे विथ यांच्या वाट्याला आले. १७७९ च्या फेब्रुवारीत तिघे विल्यम्सबर्गला बसले आणि एकमेकांचे मसुदे वाक्यावाक्याने तपासले. एकूण १२६ विधेयके तयार झाली. ती लगेच मंजूर झाली नाहीत. पुढे जेम्स मॅडिसन यांनी चिकाटीने त्यातली बरीच विधिमंडळातून पार नेली. धर्मस्वातंत्र्याचा १७८६ चा प्रसिद्ध कायदा त्यातलाच. थोरल्या मुलालाच सगळी जमीन देणारी पद्धतही याच कामातून गेली. धाकटा म्हणून रिकाम्या हाताने घराबाहेर पडलेल्या विथ यांना तेव्हा काय वाटले असेल?

पण याच १२६ मध्ये गुलामांविषयीचे एक विधेयक होते. तिघांच्या मनात असे होते, की हे विधेयक चर्चेला येईल तेव्हा गुलामगिरी हळूहळू संपवण्याची दुरुस्ती त्याला जोडावी. १७८५ मध्ये ते चर्चेला आले तेव्हा जेफरसन युरोपात होते, विथ न्यायाधीश होते, आणि लोकमत तयार नाही असे म्हणून ती दुरुस्ती कोणी मांडलीच नाही. विधेयक तसेच मंजूर झाले. त्यात वसाहतीच्या काळापासून चालत आलेला एक नियम होता. गोऱ्या माणसाविरुद्धच्या खटल्यात कृष्णवर्णीय माणसाची साक्ष घ्यायची नाही. तो माणूस गुलाम असो वा स्वतंत्र. तपासताना हे वाक्य तिघांच्याही नजरेखालून गेले होते.

मी गेली वीसेक वर्षे सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुनी प्रणाली नव्याने लिहिताना मूळ रचनेतल्या काही ओळी तशाच पुढे नेल्या जातात. कोणी ठेवल्या, का ठेवल्या, हे विचारायला वेळ नसतो, आणि हात लावला तर दुसरे काहीतरी मोडेल अशी भीती असते. मीही अशा ओळी पुढे नेल्या आहेत. या नियमाबद्दल वाचताना ते आठवल्याशिवाय राहिले नाही. आता विथ यांच्या शिकवण्याकडे येते, या नियमाकडे परत यायचेच आहे.

१७७९ च्या अखेरीस, जेफरसन गव्हर्नर असताना, विल्यम अँड मेरी कॉलेजात कायद्याचे अध्यासन सुरू झाले आणि ते विथ यांना मिळाले. अमेरिकेत कायदा हा विषय कॉलेजात शिकवायला तिथून सुरुवात झाली. विथ यांनी नुसती व्याख्याने दिली नाहीत. जुन्या विधिमंडळाच्या इमारतीत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी अभिरूप न्यायालय भरवले. मुले वकील होत, सर न्यायाधीश. शिवाय अभिरूप विधिमंडळही असे. मुले विधेयके मांडत, वाद घालत, मते टाकत, आणि सर सभापतीच्या खुर्चीत बसून नियम सांभाळत. विथ स्वतः काही काळ खऱ्या विधिमंडळाचे सभापती होते, त्यामुळे नियमांच्या बाबतीत त्यांना कोणी फसवू शकत नसे. आपल्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये भाषण पाठ करून येणाऱ्यांचा नंबर लागायचा, आठवते का? इथे समोरचा काय बोलेल ते माहीत नसताना उत्तर द्यावे लागे.

१७८० मध्ये युद्धातून रजेवर आलेला एक सैनिक अधिकारी काही महिने या वर्गात बसला. त्याच्या टिपणवहीत कायद्याच्या नोंदींच्या मध्येच पॉली हे त्याच्या प्रेयसीचे नाव गिरवलेले सापडते. सरांचे लक्ष होते की नाही कोण जाणे. हा विद्यार्थी जॉन मार्शल, पुढे चौतीस वर्षे अमेरिकेचा सरन्यायाधीश. विधिमंडळाचा कायदा संविधानाविरुद्ध असेल तर न्यायालय तो रद्द ठरवू शकते, हे तत्त्व मार्शल यांनी १८०३ मध्ये मारबरी खटल्यात पक्के केले. विथ यांनी ते १७८२ मध्येच एका देशद्रोहाच्या खटल्यात खंडपीठावरून बोलून दाखवले होते. विधिमंडळाने मर्यादा ओलांडली तर आपण याच खुर्चीतून तिला संविधानाकडे बोट दाखवून थांबवू, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची यादी मोठी आहे. सेंट जॉर्ज टकर आणि स्पेन्सर रोन हे दोघे पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. टकर यांनी तर कॉलेजात सरांचीच जागा घेतली. शेवटच्या काळातला लेखनिक हेन्री क्ले. विथ यांचा उजवा हात संधिवाताने निकामी झाला होता, म्हणून निकालपत्रे सांगून लिहून घ्यावी लागत. क्ले हा सुंदर अक्षराचा, फारसे शिक्षण नसलेला पोरगा. त्याला ग्रीक येत नव्हते, आणि विथ यांच्या निकालात ग्रीक वचने पेरलेली असत. क्ले अक्षरे चित्रासारखी उतरवून काढी. चार वर्षे असे काढून तो वकील झाला, केंटकीला गेला आणि पुढे देशाच्या राजकारणातला एक मोठा माणूस झाला.

१७८७ मध्ये संविधान सभेसाठी विथ फिलाडेल्फियाला गेले. सभेचे नियम ठरवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. पण जूनच्या सुरुवातीलाच घरून बोलावणे आले. एलिझाबेथ आजारी होत्या. विथ परतले, ते पुन्हा गेले नाहीत. ऑगस्टमध्ये एलिझाबेथ वारल्या. त्यामुळे अमेरिकेच्या संविधानावर त्यांची सही नाही. पुढच्या वर्षी मात्र व्हर्जिनियाने ते स्वीकारावे असा ठराव त्यांनीच मांडला, आणि तो ८९ विरुद्ध ७९ मतांनी निसटता मंजूर झाला.

एलिझाबेथ गेल्यावर त्याच ऑगस्टमध्ये विथ यांनी घरात स्वयंपाक करणाऱ्या लिडिया ब्रॉडनॅक्स यांना गुलामीतून मुक्त केले. इथे स्पष्ट लिहायला हवे, की तोवर विथ यांच्या मळ्यावर आणि घरात गुलाम राबत होते, आणि त्यांच्या विद्वत्तेला लागणारी फुरसत त्या श्रमातूनच येत होती. त्यानंतर त्यांनी आणखीही काही जणांना मुक्त केले. काही जण मात्र पत्नीच्या माहेरच्यांकडे परत गेले. १७९१ मध्ये विथ न्यायालयाच्या कामासाठी रिचमंडला राहायला गेले तेव्हा लिडिया स्वतंत्र बाई म्हणून, मोबदला घेऊन त्यांच्याकडे काम करू लागल्या. पुढे तिथे त्यांचे स्वतःचे घरही झाले.

रिचमंडमधले विथ हा गावात कौतुकाचा विषय होता. पहाटे उठून, भर थंडीतसुद्धा, विहिरीच्या गार पाण्याने अंघोळ. राहणी साधी. शिकायला येणाऱ्या कित्येक मुलांकडून ते काही घेत नसत. साठी उलटल्यावर त्यांनी हिब्रू शिकायला घेतली. न्यायालय त्यांचे चॅन्सरीचे, म्हणजे मृत्युपत्रे, विश्वस्त, करार, जिथे कायद्याचा नुसता शब्द पुरत नाही अशी प्रकरणे. त्यांच्या निकालांवर अपील जाई ते पेंडल्टन यांच्या न्यायालयात, आणि कायदे तपासताना शेजारी बसलेले हे जुने सहकारी त्यांचे निकाल फिरवत. विथ यांनी १७९५ मध्ये आपल्या निकालांचे पुस्तकच छापले आणि अपील न्यायालय कुठे चुकले ते त्यात लिहिले. इतका विरक्त माणूस, पण आपला निकाल फिरवलेला त्यांना सहन होत नसे. मला हा दोष आवडतो. लोकांना न आवडणारे निकाल द्यायलाही ते कचरत नसत. युद्धाआधी इंग्रज सावकारांकडून घेतलेली कर्जे आता बुडवावीत असे अर्ध्या राज्याला वाटत होते. तहात कबूल केले आहे तेव्हा ती फेडावी लागतील, असे विथ यांनी १७९३ मध्ये ठरवले.

प्लेझंट्स घराण्यातल्या बाप-लेकांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते, की कायदा परवानगी देईल तेव्हा आपल्या गुलामांना वयाच्या तिसाव्या वर्षी मोकळे करावे. १७८२ मध्ये तसा कायदा झाला, पण वारसांनी दाद दिली नाही. घरातलाच एक मुलगा, क्वेकर पंथाचा रॉबर्ट प्लेझंट्स, न्यायालयात आला. त्याची बाजू जॉन मार्शल यांनी मांडली. चारशेहून अधिक माणसांचा प्रश्न होता. विथ यांनी १७९८ मध्ये त्यांना स्वतंत्र ठरवले, आणि एवढ्यावर न थांबता, अडवून ठेवलेल्या काळात केलेल्या कामाचा हिशोब त्यांना द्यावा असे सांगितले. पुढच्या वर्षी अपिलात स्वातंत्र्य कायम राहिले. मोबदला काढून टाकला गेला.

त्यांच्या शेवटच्या प्रकरणांपैकी एक जॅकी राइट नावाच्या बाईचे आणि तिच्या मुलांचे होते. हजिन्स नावाचा मालक त्यांना राज्याबाहेर नेऊ पाहत होता. आपण मूळच्या अमेरिकन आदिवासी स्त्रीच्या वंशातल्या आहोत, म्हणून गुलाम नाही, असे त्यांचे म्हणणे. विथ यांनी त्यांना मुक्त केले, आणि कारण देताना व्हर्जिनियाचा १७७६ चा हक्कांचा जाहीरनामा पुढे ठेवला. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत. तेव्हा कोणी गुलाम आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, आपण स्वतंत्र आहोत हे सिद्ध करायची जबाबदारी माणसावर नाही. आमच्या धंद्यात याला डीफॉल्ट म्हणतात, म्हणजे काहीच सांगितले नसेल तर काय धरून चालायचे. विथ यांनी एका निकालात संपूर्ण राज्याचा डीफॉल्ट बदलू पाहिला. त्या प्रकरणाचे अपील लागेपर्यंत ते जिवंत नव्हते.

विथ यांच्या घरी तेव्हा मायकेल ब्राउन नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा राहत होता. मिश्र वर्णाचा, पण स्वतंत्र. विथ त्याला स्वतः ग्रीक आणि लॅटिन शिकवत होते. जेफरसनना शिकवले होते तसेच. हा त्यांचाच मुलगा असावा, लिडियापासून झालेला, अशी कुजबुज पुढे लोकांनी केली. तिला आधार नाही. मृत्युपत्रात विथ यांनी लिडिया आणि मायकेल यांच्यासाठी घराचे भाडे आणि बँकेतले शेअर ठेवले होते, आणि मायकेलच्या शिक्षणाकडे जेफरसननी लक्ष द्यावे असे लिहिले होते. जेफरसन तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते. उरलेली बरीचशी मालमत्ता बहिणीच्या नातवाला, जॉर्ज विथ स्वीनी याला मिळायची होती. मायकेल आधी वारला तर त्याचा वाटाही त्यालाच.

हा स्वीनी अठराएक वर्षांचा, आजोबांच्या घरी राहणारा, जुगाराच्या नादी लागलेला. आजोबांच्या सहीचे खोटे चेक तो बँकेत वटवू लागला होता. २५ मे १८०६, रविवारची सकाळ. लिडिया यांनी स्वयंपाकघरात कॉफी केली. स्वीनी लवकर आला, कॉफीच्या भांड्याशी काहीतरी केले, एक कागद चुलीत टाकला आणि निघून गेला. ती कॉफी विथ प्यायले, मायकेल प्यायला, लिडियाही प्यायल्या. तिघेही काही वेळातच भयंकर आजारी पडले. दोन दिवसांत खोट्या चेकबद्दल स्वीनीला अटक झाली. आजोबांनी जामीन राहावे म्हणून त्याने निरोप धाडला, त्यांनी नकार दिला. त्याच्या खोलीत सोमल सापडला.

१ जूनला मायकेल गेला. त्याच दिवशी विथ यांनी अंथरुणातूनच मृत्युपत्राला पुरवणी जोडून स्वीनीचे नाव काढून टाकले. ती पुरवणी लिहून घेतली एडमंड रँडॉल्फ यांनी. ८ जूनला विथ वारले, ऐंशीव्या वर्षी. रिचमंडमध्ये मोठी अंत्ययात्रा निघाली. पुस्तके आणि शास्त्रीय उपकरणे त्यांनी जेफरसनना ठेवली होती, शिवाय चांदीचे पेले आणि सोन्याच्या मुठीची काठी. कॉलेजातल्या व्याख्यानांचे कागद मात्र हरवले; सरांनी वर्गात नेमके काय सांगितले ते विद्यार्थ्यांच्या टिपणांतूनच शोधावे लागते.

सप्टेंबरमध्ये खटला उभा राहिला. स्वीनीचे वकील दोन. एक विल्यम वर्ट, पुढे बारा वर्षे अमेरिकेचा ॲटर्नी जनरल राहिलेला. दुसरे एडमंड रँडॉल्फ, देशाचे पहिले ॲटर्नी जनरल. होय, पुरवणी लिहिणारेच. शवविच्छेदन गावातल्या नामांकित डॉक्टरांनी केले होते, पण सोमलाची चाचणी केली नव्हती. पित्ताच्या विकारानेही असे होऊ शकते, असे त्यांनी सांगितले. उरला प्रश्न, कॉफीच्या भांड्याजवळ स्वीनीला कोणी पाहिले? पाहिले होते लिडिया ब्रॉडनॅक्स यांनी. त्या गावात होत्या, जिवंत होत्या, स्वतंत्र होत्या, आणि शेजाऱ्यांना सगळे सांगत होत्या. न्यायालयात त्यांना बोलता आले नाही. आरोपी गोरा होता आणि त्या कृष्णवर्णीय. १२६ विधेयकांमधल्या त्या जुन्या वाक्याने त्यांचे तोंड बंद केले. ज्युरीने फार वेळ न घेता स्वीनीला खुनाच्या आरोपातून सोडले. मायकेलच्या खुनाचा खटला तर चाललाच नाही. खोट्या चेकबद्दल तो दोषी ठरला, पण कायद्यात फसवणूक खासगी व्यक्तीची असावी असे म्हटले होते, बँकेची नव्हे, म्हणून तेही टिकले नाही. स्वीनी पश्चिमेकडे निघून गेला.

दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, जॅकी राइटच्या प्रकरणाचे अपील निकाली निघाले. खंडपीठावर सेंट जॉर्ज टकर होते आणि स्पेन्सर रोन होते, दोघेही सरांचे विद्यार्थी. जॅकी आणि तिची मुले स्वतंत्र राहिली. पण कारण बदलले. दिसायला आदिवासी किंवा गोऱ्या असणाऱ्या माणसाला स्वतंत्र धरावे. कृष्णवर्णीयाने मात्र आपले स्वातंत्र्य स्वतः सिद्ध करावे. हक्कांचा जाहीरनामा गुलामांसाठी लिहिलेला नव्हता, असे टकर यांनी सांगितले. टकर काही कठोर मनाचे नव्हते. दहाच वर्षांपूर्वी गुलामगिरी क्रमाक्रमाने संपवण्याची योजना त्यांनी पुस्तकरूपाने छापली होती आणि विधिमंडळाकडे पाठवली होती. सरांचे बोट धरून ते बरेच पुढे आले होते, आणि या एका पावलावर थांबले. साक्षीचा नियम तर गुलामगिरी संपेपर्यंत, म्हणजे आणखी साठ वर्षे टिकला.

जेफरसनना रिचमंडहून विथ यांच्या शेजाऱ्यांची पत्रे येत होती. मायकेल असता तर त्याला आनंदाने शिकवले असते, असे त्यांनी कळवले. सरांची पुस्तके मॉन्टिसेलोला पोचली आणि त्यांच्या संग्रहात मिसळली. पुढे १८१५ मध्ये जेफरसनचा हा संग्रह अमेरिकेच्या काँग्रेसने विकत घेतला.

लिडिया ब्रॉडनॅक्स त्या कॉफीतून वाचल्या. १८०७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी अध्यक्ष जेफरसन यांना पत्र लिहिले. विषाने डोळे अधू झाले आहेत, वय झाले आहे, पूर्वीसारखे काम होत नाही, काही मदत व्हावी. विल्यम्सबर्गच्या घरात जेफरसनना जेवायला वाढणाऱ्या माणसांपैकी त्या होत्या. जेफरसननी पन्नास डॉलर पाठवले.